वजनकाटा आणि सन्मान

सीमेअलीकडच्या आपल्या आदिलाबाद भागात काय किंवा सीमेपलीकडच्या किनवट-माहूर भागात काय, जत्रेतील कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या फडाचा क्रम चांगलाच परिचयाचा असतो. आरंभी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या होतात. त्या लहान, किडकिडीत मुलांच्या. पुढे जोड जसजशी वजनदार होत जाते तसतशी बक्षिसाची रक्कमही वाढत जाते आणि दिवस मावळता मावळता अखेरची मोठी कुस्ती लागते. हलगी तिच्यासाठी वाजते, फेटा तिच्यासाठी बांधला जातो आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी हौद्यात उतरतात तीही तिच्यासाठीच. दुपारी रेवड्यांवर लढलेल्या पोराने एखादा असाधारण डाव टाकला असला, तरी संध्याकाळी त्याची आठवण फारशी कोणाला राहत नाही.

हाच क्रम जगातील सर्व मल्लविद्यांत आणि मुष्टियुद्धात दिसतो. ज्यो लुई, महंमद अली, माइक टायसन ही नावे खेळाशी काही संबंध नसलेल्या माणसालाही ठाऊक असतात. फ्लायवेट किंवा बँटमवेट गटातील जगज्जेत्याचे नाव विचारले, तर भलेभले विचारात पडतात. तेव्हा प्रश्न असा, की हलक्या वजनगटातील विजेत्याला अवजड गटातील विजेत्याइतकाच मान मिळावा काय? की हलके गट म्हणजे लहान चणीच्या माणसांसाठी ठेवलेली एक सवलत आहे?

वरवर पाहता हा क्रीडाप्रेमींच्या गप्पांचा विषय वाटेल. आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत त्याला स्थान देण्याचे कारण असे, की त्याचे उत्तर बऱ्याच अंशी शरीरशास्त्रात आहे. आणि त्या उत्तराचा संबंध आपल्या दवाखान्यात वडिलांचे बोट धरून येणाऱ्या लहानखुऱ्या मुलाशी आहे.

वजनगट कशासाठी?

पूर्वी मुष्टियुद्धात वजनाचे बंधन जवळजवळ नव्हतेच. जो लढावयास उभा राहील त्याच्याशी लढावयाचे, एवढाच नियम. हळूहळू हलका, मध्यम, अवजड असे स्थूल भाग पडले. १९०९ साली लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट निश्चित केले आणि खेळाला शिस्त आली. आज व्यावसायिक मुष्टियुद्धात सतराहून कमी गट नाहीत. त्यांपैकी बँटमवेट हे नाव कोंबड्याच्या एका ठेंगण्या पण झुंजार जातीवरून आले आहे. नाव देणाऱ्यांनी आकार लहान धरला, पण झुंजारपणा लहान धरला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या विभागणीमागील शरीरशास्त्र सोपे आहे. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. वजन मात्र शरीराच्या घनफळाबरोबर वाढते. एखाद्या शरीराची उंची, रुंदी आणि जाडी तिन्ही दुप्पट झाली अशी कल्पना केली, तर स्नायूचा छेद चौपट होईल आणि वजन आठपट होईल. म्हणजे मोठ्या शरीराची एकूण ताकद नक्कीच अधिक, परंतु दर किलोमागची ताकद कमी. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते आणि हत्तीला ते साधत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

भारोत्तोलनात ही गोष्ट आकड्यांनी दिसते. तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात क्लीन अँड जर्क प्रकारात १९० किलो वजन डोक्यावर पेलले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ साली त्याच प्रकारात २६७ किलोंचा विक्रम केला. आजवर माणसाने स्पर्धेत डोक्यावर पेललेल्या अत्यंत अवजड भारांपैकी हा एक. परंतु त्याचे स्वतःचे वजन १७५ किलोंच्या वर होते, म्हणजे तो भार त्याच्या वजनाच्या सुमारे दीडपट झाला. आपल्या मीराबाई चानूने २०२१ च्या एप्रिलमध्ये ४९ किलो गटात ११९ किलो उचलून विश्वविक्रम केला, तो तिच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट होता. आता या तिघांत बलवान कोण? एकूण भार पाहिला तर लाशा. दर किलोमागे पाहिले तर नईम. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. एकाच उत्तराला खरे मानून दुसऱ्याला गौण लेखणे हे मात्र अशास्त्रीय होय.

आम्हा वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना दर किलोमागे हिशेब करण्याची सवयच असते. तापाने फणफणलेल्या मुलाला पॅरासिटामॉल द्यावयाचे तर एका वेळची मात्रा दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने काढली जाते. दहा किलोंच्या बालकाची मात्रा लहान असते म्हणून त्याचा आजार लहान आहे, असे कोणीही डॉक्टर म्हणत नाही. दवाखान्यात पाळला जाणारा हा साधा न्याय आखाड्याच्या कडेला बसल्यावर आपण विसरतो.

अवजड गटाची बाजू

अवजड गटाच्या चाहत्यांचे म्हणणेही ऐकून घ्यावयास हवे. ते म्हणतात, की वजनाची सर्व बंधने काढून टाका. मग शेवटी जो उभा राहील तोच खरा जगज्जेता, आणि तो अवजड गटातीलच असणार. हे खरे आहे. ठोशाचा आघात ठोशाच्या वेगावर जसा, तसा त्यामागे आलेल्या शरीराच्या भारावरही अवलंबून असतो. अवजड गटात एकच ठोसा लढतीचा निकाल लावू शकतो आणि प्रेक्षकाला क्षणभरही नजर हलवता येत नाही, हे त्या गटाचे मोठे आकर्षण आहे. शिवाय एवढे मोठे शरीर चपळ आणि दमदार ठेवणे ही साधी साधना नव्हे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी वजनदार गटांत पदके मिळविली, त्यांचे मोल कमी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

परंतु या युक्तिवादातून एवढेच सिद्ध होते, की मोठा माणूस लहान माणसाला हरवू शकतो. ते सिद्ध करण्यासाठी आखाड्याची गरज नाही. स्पर्धेचा हेतू वेगळा असतो. शरीराचा फरक बाजूला ठेवला असता कौशल्य, दम, धैर्य आणि बुद्धी यांत कोण सरस आहे, हे पाहण्यासाठी स्पर्धा असते. या कसोटीवर हलके गट कदाचित अधिकच कठोर ठरतात. अवजड गटाला वरची मर्यादा नसल्यामुळे तेथे दोन प्रतिस्पर्ध्यांत पंधरा-वीस किलोंचे अंतर असू शकते. हलक्या गटात मात्र दोघेही काट्यावर समान उतरतात. तेथे वजनाची ढाल कोणालाच मिळत नाही. एका ठोशावर विसंबता येत नसल्याने पायांची हालचाल, अंतराचे भान आणि शेवटच्या फेरीपर्यंत टिकणारा दम यांवरच निकाल लागतो.

जाणकारांनी हे पूर्वीच ओळखले आहे. अमेरिकेच्या हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ साली फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट असे तीन गटांचे जागतिक किताब एकाच वेळी स्वतःकडे राखले, तेही मुख्य गट आठच असलेल्या काळात. पुढे शुगर रे रॉबिन्सनच्या निमित्ताने वजनाच्या मापाने तोलले असता सर्वश्रेष्ठ कोण, अशी तुलना करण्याची पद्धत रूढ झाली. रॉबिन्सन हा वेल्टरवेट आणि मिडलवेट गटांचा योद्धा होता. सर्वकालीन श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांच्या याद्यांत त्याचे नाव अनेकदा अवजड जगज्जेत्यांच्याही वर असते.

हलक्या गटात धोका कमी असतो, ही समजूतही चुकीची आहे. दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा लाइटवेट म्हणजे सुमारे ६१ किलो गटातील मुष्टियोद्धा होता. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगास येथे रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि चार दिवसांनी तो मरण पावला. या घटनेनंतर जागतिक किताबाच्या लढती १५ फेऱ्यांऐवजी १२ फेऱ्यांच्या करण्यात आल्या. म्हणजे अवजड गटाच्या विजेत्यांनाही आज जे संरक्षण मिळते, त्यामागे एका हलक्या गटातील तरुणाचा मृत्यू आहे.

खाशाबांची उपेक्षा

हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. खाशाबांची उंची बेताची, अंगकाठी लहान. मातीच्या फडात अखेरची कुस्ती ज्याच्या नावावर लागावी असा त्यांचा देह नव्हता. पण चपळाई आणि डावपेच यांत त्यांना तोड नव्हती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना त्यांची १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी निवड झाली. गादीवरच्या कुस्तीचा सराव फारसा नसतानाही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

चार वर्षांनी हेलसिंकीला जावयाचे तर पैशाची सोय नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केल्याची हकिकत आजही आदराने सांगितली जाते. अशा मदतीवर खाशाबा हेलसिंकीला पोहोचले. ५७ किलोंच्या बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमविले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह यांच्याकडून ते हरले. त्या दोघांनी अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य मिळविले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे, थांबावे लागले.

परतल्यावर कराड भागातील लोकांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. कर्तव्य म्हणून खाशाबांनी प्रथम काय केले असेल, तर कुस्त्यांचे फड भरवून त्यांतून प्राचार्यांचे पैसे फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० साली. पद्म सन्मान त्यांच्या हयातीत त्यांच्या वाट्याला आला नाही.

या उपेक्षेची कारणे अनेक आहेत. त्या काळी ऑलिंपिकचे महत्त्व सर्वांना उमगले नव्हते; हॉकीच्या सुवर्णपदकापुढे कांस्य झाकोळले गेले; प्रसिद्धीची साधनेही तुटपुंजी होती. तरीही आणखी एक कारण आपण प्रांजळपणे मान्य करावयास हवे. पैलवान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जी भव्य मूर्ती उभी राहते, तीत खाशाबा बसत नव्हते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत चांदीची गदा दिली जाते ती सर्वांत वजनदार गटाच्या विजेत्याला. अलीकडे हा गट ८६ ते १२५ किलोंचा असतो. त्याच अधिवेशनात ५७ किंवा ६१ किलोंचे मल्लही गादी आणि माती अशा दोन्ही विभागांत जिवापाड लढतात, पदके मिळवितात. परंतु दुसऱ्या दिवशी लोकांच्या ओठी नाव असते ते गदा खांद्यावर घेणाऱ्याचे. त्या गदेची परंपरा थोर आहे. मात्र ५७ किलोंचा खाशाबा आजच्या नियमांनुसारही त्या गदेसाठी लढू शकला नसता, हेही तितकेच खरे आहे.

पदकांचा हिशेब

आता ऑलिंपिकच्या काट्याकडे पाहू. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकअखेर भारताने कुस्तीत आठ पदके मिळविली. खाशाबांचे ५७ किलोंचे. सुशीलकुमारची ६६ किलो गटातील २००८ व २०१२ ची दोन. योगेश्वर दत्तचे २०१२ मधील ६० किलोंचे. साक्षी मलिकचे २०१६ मधील ५८ किलोंचे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमधील रवी दहियाचे ५७ आणि बजरंग पुनियाचे ६५ किलोंचे. आणि २०२४ मधील अमन सेहरावतचे ५७ किलोंचे. या आठांपैकी एकही ६६ किलोंच्या वर नाही. ज्या गटांना आपण फडात आरंभीच उरकून घेतो, त्यांनीच जगात आपले नाव राखले आहे.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आपल्या देशातील बहुसंख्य तरुणांची शरीरयष्टी हलक्या व मध्यम वजनाची असते. जेथे खेळाडू अधिक तेथे चुरस अधिक, आणि चुरशीतून वर आलेला मल्ल जागतिक पातळीवर टिकतो. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले तेही ५७ किलो गटातच, आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळविले ते ६१ किलो गटात.

मुष्टियुद्धाचे उदाहरण तर आपल्या अधिकच जवळचे आहे. निर्मलच्या पलीकडे, निजामाबादला १९९६ साली जन्मलेली निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूल येथे ५२ किलो गटात आणि २०२३ मध्ये नवी दिल्ली येथे ५० किलो गटात विश्वविजेती झाली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतही तिने ५० किलो गटात सुवर्ण मिळविले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वू यू हिच्याकडून ती हरली, परंतु त्यामुळे तिच्या दोन जागतिक किताबांचे तेज उणावत नाही. त्याच निजामाबादचा महंमद हुसामुद्दीन याने २०२३ च्या जागतिक स्पर्धेत ५७ किलो गटात कांस्य मिळविले. तेलंगणाच्या या एकाच शहराने हलक्या गटांत जे करून दाखविले, ते आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

सन्मानाचा प्रश्न केवळ हारतुऱ्यांपुरता नाही. ज्या गटाला मान नसतो, तो गट कधीकधी नाहीसाच होतो. पुरुषांच्या कुस्तीत ४८ किलोंचा गट १९९६ नंतर ऑलिंपिकमधून वगळला गेला. मुष्टियुद्धातील पुरुषांचा ४९ किलोंचा गट २०१६ नंतर राहिला नाही. २०१२ मध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले, तेव्हा सर्वांत हलका गट ५१ किलोंचा होता. ४८ किलोंच्या आत जागतिक किताब जिंकणाऱ्या मेरी कोमला त्यासाठी वजन वाढवून आपल्याहून मोठ्या प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले. तरीही तिने कांस्य आणले. गट काढून टाकणे म्हणजे लहान चणीच्या माणसाला दारातच अडविणे होय, आणि अशी माणसे आशियात अधिक आहेत.

काट्याची किंमत

हलक्या गटांचा मान वाढावा असे म्हणताना डॉक्टरांनी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या स्वाभाविक वजनाहून खालच्या गटात उतरण्यासाठी काट्याच्या आदल्या दिवशी पाणी सोडणे, जाड कपडे घालून पळणे, वाफेच्या खोलीत बसणे, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणे असे प्रकार सर्रास चालतात. प्रेक्षकाला लढत दिसते. तिच्या आधीची ही लढाई दिसत नाही.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटने ६ ऑगस्ट २०२४ रोजी ५० किलो गटात जपानची युई सुसाकी हिला हरवून पुढे अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन १०० ग्रॅमने अधिक भरले आणि ती बाद झाली. रात्रभर व्यायाम केला, केसही कापले, पण काटा खाली आला नाही, असे भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी नंतर सांगितले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी एका रात्रीत सुमारे साडेचार किलो वजन उतरविल्याचे प्रसिद्ध झाले. एकाची वाहवा झाली आणि दुसरीच्या वाट्याला अश्रू आले. शरीरावरचा ताण मात्र दोघांच्याही वाट्याला आला.

शरीरातील पाणी वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घटले की कार्यक्षमता उतरू लागते. रक्तद्रवाचे प्रमाण घटते, हृदयाचे ठोके वाढतात, घाम येण्याची क्रिया मंदावून शरीराचे तापमान चढते, क्षारांचा समतोल बिघडून हृदयाची लय चुकू शकते आणि मूत्रपिंडांवर भार येतो. वाढत्या वयातील मुलांची वाढ खुंटण्याचा आणि मुलींची मासिक पाळी बिघडण्याचा धोका वेगळाच. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभराच्या अवधीत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविण्याच्या प्रयत्नात मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन स्पर्धांत वाफेच्या खोल्या, रबरी पोशाख आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी आली. शरीरात पुरेसे पाणी असताना तपासणी करून प्रत्येकाचे किमान सुरक्षित वजन हंगामाच्या आरंभीच ठरविण्याची पद्धत सुरू झाली. आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट करता येत नाही आणि पुरुष मल्लाच्या शरीरातील चरबी पाच टक्क्यांच्या खाली जाईल असा गट निवडता येत नाही. शालेय मुलांसाठी ही मर्यादा सात टक्के आणि मुलींसाठी बारा टक्के ठेवली जाते.

तेव्हा हलक्या गटाचा खरा मान म्हणजे त्या गटात स्वाभाविकपणे बसणाऱ्या खेळाडूचा मान. वरच्या गटातील मुलाला उपाशी ठेवून खाली उतरविणे हा त्या गटाचाही अपमानच आहे.

आपले कर्तव्य

आपल्या इंद्रवेल्ली-उटनूर भागातील गोंड, कोलाम, बंजारा, मराठी आणि तेलुगू कुटुंबांतील कितीतरी मुले चणीने लहान असतात. त्यांचे वडील दवाखान्यात विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरगं भरत नाही. काही टॉनिक द्या, पावडर द्या." येथे डॉक्टरांनी दोन गोष्टींत नेमका भेद करावयास हवा. एक म्हणजे लहानखुरी पण निरोगी प्रकृती आणि दुसरी म्हणजे कुपोषण. वाढीच्या तक्त्यावर ज्याची रेषा खाली असूनही सातत्याने वर जात आहे, ज्याचा रक्तातील हिमोग्लोबिनचा अंक ठीक आहे, जो दिवसभर धावतो आणि ज्याचे आईवडीलही तसेच लहान चणीचे आहेत, त्याला औषधाची गरज नाही. ज्याची रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, ज्याला रक्तक्षय आहे, जो वारंवार आजारी पडतो, त्याला मात्र उपचार आणि पुरेसा आहार मिळालाच पाहिजे. हलक्या गटाचे गुणगान करून कुपोषणावर पांघरूण घालणे हे पाप ठरेल. कुपोषित मूल हलक्या गटातही जिंकत नाही. ते मैदानापर्यंत पोहोचतच नाही.

निरोगी पण लहानखुऱ्या मुलाच्या वडिलांना मात्र आपण निःशंकपणे सांगावे, की या मुलात काही उणे नाही. तालमीत वजन वाढविण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या अनोळखी भुकट्या आणि इंजेक्शने यांपासून त्याला दूर ठेवा. त्याला त्याच्याच वजनाच्या मुलांशी खेळू द्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला स्पर्धेसाठी उपाशी ठेवू नका. उंची वाढत असताना त्याचा गट बदलला तर तो बदलू द्या. मुष्टियुद्ध खेळणाऱ्याच्या डोक्याला जोराचा मार बसून भोवळ, ओकारी किंवा विस्मरण झाले, तर तो हलक्या गटातील आहे म्हणून दुर्लक्ष करू नका आणि पूर्ण बरा होईपर्यंत त्याला पुन्हा उतरवू नका.

गावातील जाणत्या मंडळींनाही एक विनंती करावीशी वाटते. पुढच्या जत्रेत फड भरेल तेव्हा अखेरच्या मोठ्या कुस्तीचा मान अवश्य राखावा. परंतु प्रत्येक वजनगटात एक जोड निवडून तिची घोषणा त्याच इतमामाने करावी, हलगी तिच्यासाठीही वाजवावी आणि बक्षिसातील अंतर थोडे कमी करावे. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या आश्रमशाळांतील मुलेमुली अशा फडांना आली, तर त्यांतील चपळ मुलांना आपल्या अंगकाठीची लाज वाटणार नाही. डॉक्टरांनी फडाच्या दिवशी एक काटा आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन तेथे बसावे. जोड समान लागेल आणि दुखापतही वेळीच कळेल.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. अवजड गटातील विजेता सर्वांत बलवान असतो आणि त्याबद्दल त्याला मान मिळावा. हलक्या गटातील विजेता आपल्याइतक्याच शरीराच्या जगातील सर्व माणसांत श्रेष्ठ असतो आणि त्याबद्दल त्याला तितकाच मान मिळावा. काटा शरीर मोजतो आणि त्याचे काम तेथेच संपते. ५७ किलोंच्या खाशाबांचे मोल समजावयास आपल्याला कित्येक दशके लागली. आपल्या परिसरातील पुढच्या लहानखुऱ्या मुलाच्या बाबतीत तेवढा विलंब होऊ नये, एवढीच अपेक्षा.